घरच्या हिशोबातून पहिला सॉफ्टवेअर प्रोजेक्ट: नवख्यांसाठी पायऱ्या

पहिल्या मुलाखतीला गेलो तेव्हा माझ्या रेझ्युमेवर तीन प्रोजेक्ट होते: लायब्ररी मॅनेजमेंट, हॉस्पिटल मॅनेजमेंट आणि एक टू-डू लिस्ट. समोरच्या मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "लायब्ररीतलं पुस्तक कुणी हरवलं तर तुमची सिस्टीम काय करते?" मी गप्प. माझ्या लायब्ररीत पुस्तक कधी हरवलंच नव्हतं, कारण तिथे कधी वाचकच आला नव्हता. व्हिडिओ थांबवत थांबवत टाइप केलेला कोड होता तो.

वर्षभराने दुसरीकडे गेलो ते एकच प्रोजेक्ट घेऊन. आमच्या घरी दोन म्हशी आहेत. दूध गावच्या डेअरीला जातं आणि दर दहा दिवसांनी येणारं बिल बरोबर आहे का, हे आण्णा वहीत आकडेमोड करून बघायचे. ती आकडेमोड मी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत उतरवली. जेमतेम चारशे ओळी झाल्या, पण मुलाखतीतला निम्म्याहून जास्त वेळ त्यावरच गेला. हा लेख त्या चारशे ओळींचा आहे. तुमच्या घरी म्हशी नसतील, हरकत नाही. पायऱ्या त्याच राहतात.

लागणारं सामान

- लॅपटॉप. ४ जीबी रॅमचा जुना असला तरी भागतं.
- पायथन, व्हीएस कोड (कोड लिहायचा एडिटर) आणि गिट (कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं साधन). तिन्ही फुकट. विंडोजवर पायथन टाकताना 'पाथ'चा चौकोन दिसला तर त्यावर टिक करायला विसरू नका, नाहीतर पहिली संध्याकाळ 'पायथन सापडत नाही' या एका ओळीशी भांडण्यात जाईल.
- गिटहब या कोड ऑनलाइन ठेवायच्या साइटवर खातं, स्वतःच्या कायमच्या ईमेलवर. कॉलेजचा ईमेल पास झाल्यावर बंद होऊ शकतो. विद्यार्थ्यांसाठीच्या सवलती घ्यायच्या असतील तर तो नंतर त्याच खात्याला जोडता येतो.
- डेटाबेससाठी एसक्यूलाइट. पायथनबरोबरच येतो, वेगळं काही बसवावं लागत नाही.
- कागद. माझ्या बाबतीत महिनाभराच्या पावत्या, डेअरीचं दरपत्रक आणि मागची तीन बिलं. हे सामान यादीत शेवटी असलं तरी सगळ्यात महत्त्वाचं आहे. का ते पुढच्या पायरीत.

१. प्रश्न असा निवडा, ज्याचं उत्तर आधीच कागदावर आहे

'आयडिया सुचत नाही' अशी तक्रार सगळेच करतात. आयडिया शोधूच नका. घरात, गल्लीत, हॉस्टेलवर कोण वही घेऊन बसतं ते बघा. आईची भिशी, खाणावळीचा खाड्यांचा हिशोब, सोसायटीच्या मेंटेनन्सची थकबाकी, मंडळाची वर्गणी. जिथे वही आहे तिथे प्रोजेक्ट आहे.

पण वही असणं पुरेसं नाही. तुमचं उत्तर चुकलं तर ते चुकलंय, असं दाखवणारा कागद हवा. मी काढलेली रक्कम बरोबर की चूक, हे डेअरीचं छापील बिल एका क्षणात सांगायचं. टू-डू लिस्टमध्ये असं काहीच नसतं. ती चुकूच शकत नाही, म्हणून तिच्यातून शिकायलाही फारसं मिळत नाही. हवामान दाखवणारं ॲप, सिनेमांची यादी, मोठ्या कंपनीच्या ॲपची नक्कल, हे सगळं मी याच कारणासाठी पहिल्या प्रोजेक्टला बाद करतो.

२. एका वाक्यात मावेल एवढंच ठरवा

माझं वाक्य होतं: "दहा दिवसांच्या पावत्या टाकल्या की बिलाची रक्कम यावी." लॉगिन नाही, आलेख नाही, मोबाईल ॲप नाही. पशुखाद्याची कपात आणि उचलसुद्धा पहिल्या आवृत्तीत नव्हती. ते वाक्य कागदावर लिहून लॅपटॉपच्या वर चिकटवा. दुसऱ्या आठवड्यात तुम्हाला डार्क मोड करावासा वाटेल, तेव्हा ते कामाला येईल.

मुदत तीन आठवडे, रोज तासभर. तेवढ्यात होत नसेल तर वाक्य छोटं करा, मुदत वाढवू नका.

३. कोडच्या आधी चार दिवस कागद वाचा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. मीही गाळली होती. मला वाटायचं लिटर गुणिले दर, झालं. पावत्या समोर पसरून बसलो तेव्हा कळलं की दर हा एक आकडा नसतोच. डेअरीच्या भिंतीवर तक्ता असतो: उभ्या बाजूला फॅट, आडव्या बाजूला एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) आणि दोन्ही जिथे मिळतात त्या चौकोनात दर. म्हशीच्या दुधाला ६.० फॅट, ९.० एसएनएफ हा पाया धरतात. त्याच्या वर गेलं की दर चढतो, खाली आलं की उतरतो. सकाळचं आणि संध्याकाळचं फॅट वेगळं लागतं, म्हणून एका दिवसाच्या दोन पावत्या.

आण्णांना विचारत विचारत मी हे सगळं वहीत लिहून काढलं. विचारताना एक ध्यानात ठेवा: "तुम्हाला ॲपमध्ये काय हवं?" असं विचारू नका. घरचं माणूस "तुला जमेल ते कर" म्हणेल आणि विषय संपेल. "मागचं बिल तपासलं तेव्हा आधी काय बघितलं?" असं विचारा. आण्णा म्हणाले, "आधी खाडा बघतो. दूध घातलेलं असतं आणि पावती हरवलेली असते." माझ्या डोक्यात हरवलेली पावती हा प्रकारच नव्हता. (लायब्ररीतलं पुस्तक आठवलं.)

४. पहिल्या दिवसापासून गिट

'आधी चालू दे, मग गिटवर टाकू' म्हणणाऱ्यांचं शेवटी 'फायनल', 'फायनल२' आणि 'फायनल खरंच' अशा फोल्डरांचं प्रदर्शन होतं. रिकाम्या फोल्डरपासून सुरुवात करा. रोज निदान एक कमिट (म्हणजे गिटमधली बदलांची नोंद), आणि त्याच्या संदेशात काय बदललं ते सरळ लिहा: 'पावती नसलेला दिवस वेगळा दाखवला'. नुसतं 'अपडेट' लिहिलं तर महिन्याभराने तुम्हालाच काही कळणार नाही.

इथे नवखे तीन ठिकाणी अडकतात:

- जुन्या व्हिडिओंमध्ये पुश करताना (कोड गिटहबवर चढवताना) गिटहबचा पासवर्ड टाकलेला दिसतो. ऑगस्ट २०२१ पासून ते चालत नाही. टोकन किंवा एसएसएच की लागते.
- गिटहबवर नव्या रेपॉझिटरीच्या (प्रोजेक्टच्या फोल्डरच्या) मुख्य शाखेचं नाव २०२० पासून 'मेन' असतं आणि तुमच्या लॅपटॉपवरचं गिट कदाचित तिला 'मास्टर' म्हणतं. पुश करताना शाखा सापडत नाही म्हणून ओरडा झाला, तर आधी हे बघा.
- दोन टप्प्यांचं लॉगिन चालू केलं की रिकव्हरी कोड मिळतात. ते कागदावर उतरवून ठेवा. माझा फोन एसटीत हरवला, तेव्हा ते कोड वहीच्या मागच्या पानावर होते म्हणून खातं वाचलं.

५. आधी काळ्या खिडकीत चालवा

वेबसाइट, बटणं, रंग नंतर. आधी टर्मिनलवर. पावत्या एका सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) टाका, प्रोग्रॅम चालवा, रक्कम छापा. इथेच खरं काम आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

माझी पहिली रक्कम बिलाशी काही पैशांनी जुळेना. पैशांचाच फरक, सोडून द्या म्हणाल. पण हिशोबात फरक दिसला की विश्वास जातो, आणि आण्णांनी तर लगेच वही परत काढली. एक पावती घेऊन बसलो. समजा ४.५ लिटर दूध आणि दर ४७.३७. गुणाकार २१३.१६५, म्हणजे अर्धा पैसा मधोमध. डेअरी अर्धा पैसा वर ढकलते: २१३.१७. पायथनचं 'राउंड' मात्र बरोब्बर मधोमध आलेला आकडा जवळच्या सम अंकाकडे नेतं: २१३.१६. वर आणखी एक भानगड: दशांश अपूर्णांक कॉम्प्युटर तंतोतंत साठवतच नाही. ०.१ अधिक ०.२ करून बघा, ०.३ च्या पुढे शून्यांची रांग आणि शेवटी एक ४ दिसेल.

उपाय आपल्याच जुन्या वह्यांतला: सगळं पूर्णांकात ठेवा. रुपये नाहीत, पैसे. लिटर नाही, लिटरचा दहावा भाग. फॅट ६.३ नाही, ६३. मग वरचा गुणाकार होतो ४५ गुणिले ४७३७, म्हणजे २१३१६५. त्यात ५ मिळवून १० ने पूर्णांक भागाकार केला की २१३१७ पैसे, डेअरीच्या बिलासारखेच. आणि पूर्णांकन प्रत्येक पावतीला करायचं की शेवटी एकदाच, हेही बिल बघूनच ठरवा. आमच्याकडे पावतीगणिक होतं.

दुसरा धडा दरपत्रकाने दिला. एका बिलात चक्क अडतीस रुपयांचा फरक आला. मी लगेच डेअरीवर बोट ठेवलं. आण्णा शांतपणे म्हणाले, "सहा तारखेला दर बदललाय की." माझ्या डेटाबेसमध्ये प्रत्येक चौकोनाला एकच दर होता, नवा टाकला की जुना पुसला जायचा आणि एक ते पाच तारखेचं दूधही नव्या दराने मोजलं जायचं. मग दराच्या तक्त्यात 'लागू तारीख' हा रकाना घातला, आणि पावतीच्या तारखेला जो दर लागू होता तोच उचलायचा असं केलं. जीएसटीचे दर असोत की पगाराचे स्लॅब, नोकरीत हाच प्रश्न वेगवेगळ्या कपड्यांत भेटतो. मला तो म्हशीने शिकवला.

६. मराठी मजकूर असेल तर हे सापळे ओळखा

इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये हे सापडणार नाही, कारण त्यांना ही अडचण येतच नाही.

सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडली की मराठीच्या जागी अगम्य चिन्हं दिसतात. फाइल लिहिताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' द्या, एक्सेल ओळखतं.

'क्षीर' हा शब्द आपल्या लेखी दोन अक्षरांचा. पायथनला लांबी विचारली तर उत्तर ५: क, हलन्त, ष, दीर्घ वेलांटी, र. त्यामुळे 'पहिली दहा अक्षरं दाखव' म्हटलं तर शब्द वेलांटीवर तुटू शकतो.

देवनागरी आकडे पायथन बिनबोभाट संख्येत बदलतं. जावास्क्रिप्ट मात्र तेच आकडे दिले तर 'ही संख्या नाही' म्हणून हात वर करतं. आण्णांच्या फोनचा कीबोर्ड मराठीत होता. वेबपानावर त्यांनी ६.३ भरलं आणि बेरीज गायब.

आणि ज्याने माझे दोन दिवस खाल्ले तो सापळा म्हणजे 'ऱ्या'. म्हशींच्या नोंदीत एक रकाना वेताचा, म्हणजे म्हैस कितव्यांदा व्याली त्याचा, होता. 'दुसऱ्या वेताची' असं शोधलं की दोनातली एकच म्हैस यायची. स्क्रीनवर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे. पण एक फोनवर टाइप केलेला, एक लॅपटॉपवर, आणि आतून वेगळे: एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. दोन्ही पद्धती युनिकोडला चालतात. नेहमीचं 'नॉर्मलाइज' फंक्शनही दोन्ही एक करत नाही, म्हणून साठवण्याआधी दुसरा प्रकार पहिल्यात बदलणारी एक ओळ स्वतः लिहावी लागली. वेत शब्दांत न लिहिता १, २, ३ असं साठवायला हवं होतं, हे मागाहून सुचलेलं शहाणपण.

७. जुनी बिलं म्हणजे तुमच्या टेस्ट

टेस्ट लिहायचा कंटाळा येतो, कारण टेस्ट कशाची करायची ते कळत नाही. तुमच्याकडे तीन छापील बिलं आहेत. पावत्या द्या आणि येणारी रक्कम बिलाशी जुळते का ते बघणारी टेस्ट लिहा. 'पायटेस्ट'मध्ये एका टेस्टला पाच-सहा ओळी पुरतात. पुढे काहीही बदललं की तिन्ही चालवा. दराचा घोळ मिटवताना मी आधी चालणारं दुसरं बिल मोडलं होतं, ते मला टेस्टने सांगितलं, आण्णांनी नव्हे. तेवढंच नाक राहिलं.

८. वापरणाऱ्याच्या हातात द्या आणि गप्प बसा

आता छोटं वेबपान. फ्लास्क, म्हणजे पायथनमधून वेबपानं बनवायचं छोटं साधन, पुरे. घरच्या वायफायवर लॅपटॉपवरूनही फोनला दाखवता येतं. बाहेर ठेवायचं असेल तर फुकट होस्टिंग शोधा. जुने लेख हेरोकू सांगतात, पण तिथला फुकटचा प्रकार नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला. गिटहब पेजेस फक्त स्थिर पानांसाठी आहे, तिथे पायथन चालत नाही.

एका फुकट होस्टिंगवर मी एसक्यूलाइटची फाइल ठेवली होती. नवा कोड चढवला आणि अकरा दिवसांच्या पावत्या गेल्या. अशा बऱ्याच ठिकाणी सर्व्हरची डिस्क तात्पुरती असते. नव्याने चढवलं की पाटी कोरी. आधी वाचा, आणि रोज रात्री फाइलची एक प्रत घरी उतरवा.

दुसरा फटका घड्याळाचा. सर्व्हर बहुधा यूटीसी वेळेवर चालतो, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. ११ तारखेला पहाटे सव्वापाचला टाकलेली पावती सर्व्हरच्या लेखी १० तारखेची, पावणेबारा वाजताची. बिल दहा तारखेला बंद होतं. म्हणजे अकराच्या सकाळची धार मागच्या बिलात! तारीख सर्व्हरला विचारू नका. पावतीवरची तारीख माणसाकडून भरून घ्या.

मग फोन त्यांच्या हातात द्या आणि शेजारी बसून बघा. "इथे दाबा" म्हणायचा मोह आवरा. आण्णा तारखेच्या रकान्यापाशी अडले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "आजचंच आहे की, परत कशाला विचारतोय?" त्या संध्याकाळी तारखेत फोनची आजची तारीख आधीच भरलेली ठेवली, हवी तर बदलता येईल अशी.

९. जगापुढे मांडण्याआधी

रीडमी (प्रोजेक्टची ओळख करून देणारी फाइल) लिहा. पहिल्या तीन ओळींत: हे कुणासाठी, काय करतं, कसं चालवायचं. एक स्क्रीनशॉट. त्याखाली 'काय जमलं नाही' असा परिच्छेद. तो घालायला लाज वाटते, पण मला मुलाखतीत सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच आले.

रेपॉझिटरी सार्वजनिक करण्याआधी मात्र एकदा कमिटचा इतिहास चाळा. बिलाच्या फोटोवर बँक खात्याचा नंबर असतो, मोबाईल असतो. मी असा एक फोटो टाकला होता. फाइल काढून नवी कमिट केली तरी जुन्या कमिटमध्ये ती तशीच राहते. पासवर्ड आणि कीचंही तेच. त्या एकदा बाहेर गेल्या की पुसत बसू नका, रद्द करून नव्या घ्या. मी शेवटी इतिहासासकट ती रेपॉझिटरी काढून टाकली आणि काल्पनिक आकड्यांची नवी केली. डेटा, की, डेटाबेसची फाइल 'गिटइग्नोर'मध्ये (गिटने सोडून द्यायच्या फाइलींची यादी) पहिल्याच दिवशी लिहिलं असतं तर ही वेळ आली नसती.

१०. रेझ्युमे आणि मुलाखत

रेझ्युमेवर 'पायथन, फ्लास्क, एसक्यूलाइट वापरून दूध व्यवस्थापन प्रणाली' असं लिहू नका. ते पुन्हा लायब्ररी मॅनेजमेंटच झालं. मी लिहिलं: 'डेअरीचं दहा दिवसांचं बिल पावत्यांवरून तपासणारं साधन, घरी रोज वापरात, तीन छापील बिलांशी पैशापर्यंत जुळतं.'

एआयकडून कोड लिहून घ्यावा का, हे हल्ली सगळे विचारतात. घ्या, मीही घेतो. पण प्रत्येक ओळ अशी का आहे ते कागद-पेन घेऊन सांगता येत नसेल, तर ती ओळ ठेवू नका. एआयने मला पहिल्यांदा दिलेला हिशोब दशांश अपूर्णांकातच होता, आणि तो दिसायला अगदी नीटनेटका होता. कॉलेजच्या आसपास पैसे घेऊन रेडीमेड प्रोजेक्ट देणारी दुकानं असतात, त्यांच्याबद्दल वेगळं बोलायला नको. तिथून घेतलेल्या म्हशीला दूध नसतं.

मुलाखतीआधी तीन गोष्टी तोंडपाठ नको, पण मनात लागलेल्या हव्यात: कुठे चुकलं, कसं कळलं, काय बदललं. मी दराच्या लागू तारखेची गोष्ट सांगितली. समोरच्या गृहस्थांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "आणि डेअरीने मागच्या तारखेपासून दर वाढवून फरक दिला तर?"

तसं आमच्याकडे तेव्हा झालेलं नव्हतं. मी सरळ म्हणालो, "आत्ता ते चुकीचं दाखवेल." मग त्यांनी फळ्याकडे बोट केलं आणि आम्ही दोघांनी मिळून तक्त्यात आणखी एक रकाना आखला.